उजवीकडचा ब्रेक

फार्मसीच्या दारातली कुंडी आपणहून पुढे आली, असं आमच्या लेआर्कोचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, म्हणणं होतं.

"मी आपला सरळ चाललो होतो. तीच पुढे आली."

"कुंडी?"

"त्यांनी सरकवली असेल. ती फार्मसीवाली रोज काहीतरी सरकवतच असते."

आता मला सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं? कुंडीत लाल जिरॅनियम होती, तिचे दोन तुकडे झाले, आणि आमची झिता पुढच्या चाकाला माती लावून घरी आली. झिता म्हणजे आमची गाडी. छोटी, पांढरी, म्हातारी. आधीच्या आठवड्यात त्याने चौकातल्या गोल रस्त्याला उलट्या बाजूने वळसा घातला होता, आणि वर समोरच्या ट्रकवाल्यालाच हातवारे करून शिव्या दिल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्सच्या कागदावर सही करायला साफ नकार दिला होता. "मास्तर, आता पुरे," इतकं सरळ सांगितलं होतं. तो डॉक्टर गाडी चालवायला याच्याकडेच शिकला होता, म्हणून अदबीने बोलला एवढंच.

गावात सगळे त्याला मास्तर म्हणतात. स्टेशनमागे त्याची ड्रायव्हिंगची शाळा होती. आमच्या या किनाऱ्यावर आज जे जे कोणी गाडी हाकतंय, कोळी म्हणा, पाद्री म्हणा, हॉटेलवाल्यांच्या सुना म्हणा, त्यातल्या निम्म्यांनी याच्या शिव्या खाल्ल्यात. मला मात्र त्याने कधी शिकवलं नाही. लग्न झालं तेव्हा म्हणाला, "बायकोला शिकवायला बसलो तर पहिल्या वळणावर घटस्फोट." मीही म्हटलं, मरू दे. आयुष्यभर सायकलवरून हॉटेलांच्या चादरी इस्त्रीला नेल्या आणि आणल्या.

पण या वसंतात मला खरंच भीती वाटायला लागली होती. कुंडी होती म्हणून निभावलं. उद्या तिथे कुणाचं लेकरू असलं तर? स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक खिळा आहे, झिताच्या किल्लीसाठी ठोकलेला. तो रिकामा होता, कारण डॉक्टरकडून आल्यापासून किल्ली याच्या पँटच्या खिशात, आणि रात्री पँट उशीखाली. मी भांडले, रडले, जेवण बंद केलं. जेवण बंद केल्यावर हा झितात बसून जेवायला बाहेर गेला! कपाळ माझं.

शेवटी मी लोरिसला बोलावलं. लोरिस माझ्या बहिणीचा मुलगा. पन्नाशी उलटली, दातांच्या कवळ्या बनवतो, लग्नबिग्न काही नाही. त्याला एकच वेड: जुने व्हिडिओ गेम. आम्ही तरुण असताना समुद्रकाठच्या बारमध्ये असायच्या ना त्या उंच पेट्या, नाणं टाकून खेळायच्या? तशा पेट्या हा घरी बनवतो. फळ्या कापतो, रंगवतो, आत संगणक बसवतो. त्याच्या तळघरात अशा तीन आहेत, आणि एकही मुलगी ते बघायला दुसऱ्यांदा आलेली नाही.

"लोरिस," मी म्हटलं, "गाडी चालवायची पेटी बनवता येते का रे?"

त्याचे डोळे असे चमकले की मी जरा घाबरलेच.

"मावशी! कधीपासून मनात आहे! पण त्यात स्टिअरिंग कुठलं, पेडल किती, प्रोग्रॅम कुठला, हे सगळं आधी ठरवावं लागतं. एक चुकलं की सगळं चुकलं."

लेआर्को शेजारीच पियादिनाच्या पोळीत हॅम भरत बसला होता. ऐकून नाकाने हसला. "खेळण्यातली गाडी? मला?"

"तुझ्या हातात बसेल अशी गाडी," मी म्हटलं. "खरी गाडी चालवल्यासारखं वाटलं, तर किल्ली खिळ्याला. बोल, आहे हिंमत?"

हिंमतीचं नाव काढलं की हा फसतो. "वाटलं तर," तो म्हणाला. "मी ठरवणार वाटलं की नाही."

पेटी आमच्या गॅरेजात उभी राहिली. झिताला तिने अंगणात हाकललं. लोरिसने दोन्ही बाजूंना उंच फळ्या लावल्या आणि त्यांवर समुद्र, सूर्य, लाल गाडी असं काय काय रंगवलं. आत खुर्ची, नाकासमोर भला मोठा पडदा. इतका जवळ असल्यामुळे लेआर्कोला त्यावरचं सगळं दिसायचं. मग सुरू झाला स्टिअरिंगचा घोळ.

पहिलं आणलं ते जुन्या खेळांतलं, छोटंसं. पाऊण फेरी फिरायचं, हात सोडला की स्प्रिंगने आपोआप सरळ व्हायचं.

"जुने रेसचे खेळ याच स्टिअरिंगवर चालतात, काका," लोरिस अभिमानाने म्हणाला. "हेच अस्सल."

लेआर्कोने ते दोनदा फिरवलं. "या पाऊण फेरीत गाडी मागे घेऊन दाखव पाहू. बशी आहे ही. काढ."

दुसरं आणलं ते मोठं, दोन अडीच फेऱ्या घेणारं, आत मोटर असलेलं. वळणावर ते हाताला उलटा जोर द्यायचं, दगडावरून गेलं की थरथरायचं. मला वाटलं, झालं काम. हा वळला, स्टिअरिंगने हिसका दिला, हा हात झटकत उठला.

"हे माझ्याशी भांडतंय."

"काका, खऱ्या गाडीत असंच..."

"भांडायला ही नीवेस आहे घरात. दोन-दोन कशाला?"

लोरिसने मोटरचा जोर कमी केला. मग म्हणे मऊ पडलं. थोडा वाढवला. मग म्हणे डावीकडे ओढतंय. लोरिस खाली वाकून तारा तपासायचा, वरून हा सूचना द्यायचा, आणि मी दोघांना कॉफी आणून देत मनातल्या मनात खिळ्याकडे बघायचे.

पेडलांची तीच कथा. लोरिसने दोन लावली.

"क्लच कुठाय?"

"खेळात क्लच लागत नाही, काका."

लेआर्को उठला आणि बारमध्ये पत्ते खेळायला निघून गेला, तोही झितातून. तिसरं पेडल आलं. मग गिअर. पहिला दांडा फक्त वर आणि खाली व्हायचा. "दोन गिअर? लिफ्ट आहे का ही?" लोरिसने भंगारवाल्याकडून एका मेलेल्या गाडीचा अख्खा गिअरचा दांडा आणला आणि प्रत्येक खाचेखाली एकेक बटण बसवलं, म्हणजे दांडा कुठे आहे ते संगणकाला कळावं. मग हॉर्न हवा झाला. मग डाव्या हाताला खिडकी नाही म्हणून कुरकुर, आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो ना, कोपर कुठे टेकवायचं? लोरिसने फळीला पट्टी ठोकून दिली. नशीब, खिडकीतून थुंकायचं कुठे असं नाही विचारलं त्याने.

राहता राहिला प्रोग्रॅम. पहिला होता रेसचा. झेंडा पडला, सगळ्या गाड्या सुसाट सुटल्या, आणि आमचे मास्तर आरसा बघून, सिग्नल देऊन, मागच्या सगळ्यांना पुढे जाऊ देऊन मग निघाले. पहिल्या वळणापर्यंत पोचले आणि वेळ संपला.

"संपला म्हणजे?"

"वेळ संपला, काका. वेगात जायचं असतं."

"घाई कसली पण? समुद्र पळून चाललाय का?"

दुसरा प्रोग्रॅम ट्रकचा होता. त्यात लांबच लांब रस्ता आणि ना माणूस ना कुत्रं, म्हणून हा पेंगला. तिसरा लोरिसने कुठून तरी शोधून काढला: गावातले रस्ते, सिग्नल, सायकलवाल्या बायका, रस्ता ओलांडणारे म्हातारे. लेआर्को त्यात सबंध गाव फिरून आला. एक चूक नाही, एकाला धक्का नाही. पडद्यावर शंभरपैकी शंभर आले. मी टाळ्या वाजवल्या. लोरिसने कपाळाचा घाम पुसला.

लेआर्को मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "नाही," तो म्हणाला. "काहीतरी नाहीये."

"काय नाहीये, काका? सांगा ना! मी बसवतो!"

"माहीत असतं तर सांगितलं नसतं?"

त्या वेळी तो थट्टा करत नव्हता. चेहरा उतरला होता त्याचा. किल्ली न देण्यासाठी नाटक करतोय असं मी धरून चालले होते, पण तसं नव्हतं. त्याला खरंच हवं होतं काहीतरी, आणि ते त्याला सापडत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झिता घेऊन पाव आणायला गेला. परत येईपर्यंत मी फाटकाशी उभी होते, पीठ लागलेल्या हातांनी.

मग तो शनिवार आला. जेवण झालं, लेआर्को बारमध्ये गेला. दुपारी आमच्याकडे रस्त्यावर मांजरसुद्धा नसतं. मी भांडी घासली आणि गॅरेजात गेले. म्हटलं, बघू तरी या पेटीत एवढं काय आहे, जिच्यापायी माझा संसार पणाला लागलाय. बसले. खुर्ची पुढे ओढली. लोरिसने चालू करायचं बटण दाखवून ठेवलं होतं, ते दाबलं. इंजिनाचा आवाज आला आणि लगेच बंद पडला. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी बेडकासारखी दोन उड्या मारून निघाली. मारिया माते! गाडी चालली होती आणि मी चालवत होते! गॅरेजात मी एकटीच मोठ्याने हसले.

"क्लच! क्लच हळू सोड!"

लेआर्को. चष्मा विसरला म्हणून परत आला होता. माझ्या उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला.

"तू जा ना पत्ते खेळायला!"

"समोर बघ! माझ्याकडे काय बघतेस? दुसरा गिअर! दुसरा, चौथा नव्हे! हात कुठेत तुझे? स्टिअरिंग धरलंयस की पिठाची परात?"

"ओरडू नकोस!"

"सायकल! नीवेस, सायकल, सायकल!"

धाप! त्याचा उजवा पाय गॅरेजच्या सिमेंटवर आपटला. पडद्यावरची बाई सायकलसकट आडवी झाली.

"दाबला होता मी!" लेआर्को कळवळून ओरडला. "मी दाबला होता!"

मी त्याच्या पायाकडे बघितलं. सिमेंटवर अजून गच्च रोवलेला होता, गुडघा ताठ. आणि चेहरा! डॉक्टरकडून आल्यापासून इतका जिवंत चेहरा मी बघितला नव्हता. गाल लाल, केस उभे, तोंडात पुढची शिवी तयार.

"लेआर्को," मी म्हटलं, "शाळेच्या गाडीत तू कुठे बसायचास?"

"हा काय प्रश्न आहे? मास्तर कुठे बसतो? उजवीकडे."

"आणि स्टिअरिंग?"

"ते पोरांच्या हातात. माझ्याकडे फक्त..." तो थांबला. पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

अगं बाई, किती मूर्ख आम्ही तिघं! आठवडेच्या आठवडे आम्ही त्याला स्टिअरिंग शोधत होतो. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातातलं स्टिअरिंग बघत ब्रेक दाबला होता. त्याच्या हाताला काय हवं ते विचारत बसलो, पायाला कुणी विचारलंच नाही.

शाळा बंद झाली तेव्हा गाडी विकली गेली, पण मास्तरच्या बाजूची पेडलं याने काढून ठेवली होती. माळ्यावर, जुन्या शर्टात गुंडाळलेली, वर तेलाचा हात फिरवलेला. ती घेऊन तो जिन्यावरून खाली आला.

लोरिस संध्याकाळी आला. त्याला सगळं समजावलं. तो खूश झाला, मग एकदम पांढराफटक पडला.

"म्हणजे उजवीकडची फळी कापायची?"

"मग मी बसू कुठे? छतावर?" लेआर्को म्हणाला.

"काका, त्या बाजूला सूर्य आहे. चार थर रंगाचे!"

"सूर्य मावळतोच रे," मी म्हटलं आणि करवत हातात दिली. बिचाऱ्याने कापताना डोळे पुसले. भुसा गेला म्हणाला.

प्रोग्रॅमचा पुन्हा घोळ झाला. शंभरपैकी शंभरवाला प्रोग्रॅम एकच ब्रेक ओळखायचा. दुसरा जोडला की तो गोंधळायचा आणि गाडी जागच्या जागी थिजायची. लोरिसने आणखी दोन-तीन बसवून बघितले, मग जगात कुठे कुठे असतात त्या आपल्यासारख्या वेड्यांना विचारलं, आणि एक मिळवला ज्यात दोन्ही ब्रेक वेगवेगळे जोडता येत होते.

"दोघांनी एकदम दाबला तर?" मी विचारलं.

"ज्याचा जोर जास्त, त्याचं ऐकायचं, असं सांगून ठेवलंय मी त्याला."

"म्हणजे आमच्या घरासारखंच."

उजवीकडे स्वयंपाकघरातली खुर्ची आली, तिच्यापुढे ती जुनी पेडलं. लेआर्को बसला. पाय ठेवला. एकदा दाबून बघितलं, आणि असा सुस्कारा सोडला की मला भरून आलं.

"आता वाटतंय?" मी विचारलं.

"आता वाटतंय."

"मग किल्ली?"

त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. "आरसे नीट कर. सुरुवात आरशांपासून."

सबंध उन्हाळा आम्ही भांडलो. समुद्रावर पर्यटकांची जत्रा, आणि आम्ही दोघं गॅरेजात, दार उघडं टाकून, पडद्यावरच्या गावात. येणारेजाणारे थांबायचे. "मास्तर, शिव्या त्याच आहेत अजून!" असं म्हणत जुने विद्यार्थी कलिंगडाची फोड हातात घेऊन बघत उभे राहायचे. माझी गाडी बंद पडली की हळहळायचे, चढावर धरली की टाळ्या वाजवायचे. एकदा डोळ्यांचा डॉक्टरही येऊन गेला.

किल्ली मात्र खिशातच. शनिवारी पाव आणायला झिताच. मी विचारलं की म्हणायचा, "अजून नाही." माझा संताप संताप व्हायचा. सांगितल्याप्रमाणे पेटी झाली, वाटायचं ते वाटलं, आणि आता हा शब्द फिरवतो? मी पेटीला कुऱ्हाड लावायची धमकी दिली. लोरिस माझ्याशी बोलेनासा झाला.

सप्टेंबरात गाव रिकामं झालं. एका दुपारी मी पडद्यावरचं सगळं गाव फिरले. बाजार, गोल रस्ता, शाळा सुटायची वेळ, सायकलवाल्या सगळ्या. परत येऊन गाडी भिंतीला लावली, हँडब्रेक ओढला. तेव्हा लक्षात आलं की गॅरेजात शांतता आहे. शिवी नाही. उजवीकडचं पेडल एकदाही वाजलं नव्हतं.

"झोपलास का?" मी विचारलं.

"नाही."

तो उठून आत गेला. मी कान देऊन ऐकत होते. स्वयंपाकघरात थांबला. खिळ्यापाशीच थांबला असणार, मला वाटलं, देवा, लाव, लाव एकदाची. परत आला तेव्हा किल्ली हातातच होती.

"खिळ्याला नाही लावणार," तो म्हणाला.

"लेआर्को, मी सांगते तुला, आज मी..."

"खिळ्याला गाडी चालवता येते का?" त्याने माझा हात धरला आणि किल्ली तळव्यावर ठेवली. "तू चालव."

"मी? या वयात? लायसन्स कोण देईल मला?"

"परीक्षा घेणारा माझ्याच शाळेतला पोरगा आहे. नापास करणार नाही. चुकलीस तर करेल, तसाच शिकवलाय मी त्याला." मग तो खुर्चीवर बसला आणि पेडलांकडे बघत बोलला. "ती कुंडी मला दिसलीच नव्हती, नीवेस. आवाज आला तेव्हा कळलं. आधी वाटलं, माणूस आहे."

इतके महिने मी हेच त्याच्या तोंडून काढायला धडपडत होते. आणि आता निघालं, तर मला नको झालं.

"आधी का नाही शिकवलंस मला?" मी विचारलं.

"भीती वाटायची."

"घटस्फोटाची?"

"तू शिकलीस, की मी कशाला लागेन तुला?"

"गाढव आहेस," मी म्हटलं, आणि रडले. तोही.

शिकाऊ परवाना ऑक्टोबरात हातात आला. कायदा असा, की शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवाला बसला पाहिजे, आणि म्हातारा चालत नाही. म्हणून झितात माझ्या उजवीकडे लोरिस बसला, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, आणि आमचे मास्तर मागे, गुडघे हनुवटीला लावून. मी आरसे नीट केले. क्लच हळू सोडला. झिता एकही उडी न मारता फाटकातून बाहेर पडली.

स्टेशनवरून गेलो, गोल रस्त्याला योग्य बाजूने वळसा घातला. फार्मसीच्या रस्त्याला लागलो. दारात नवी कुंडी होती, पुन्हा लाल जिरॅनियम. मी चांगली लांबून जात होते.

धाप! मागे पाय आपटला.

मी ब्रेक दाबला. झिता जागच्या जागी थांबली. लोरिसचा चष्मा उडून त्याच्या मांडीत पडला. रस्ता मोकळा होता, पुढे काही नाही, कुणी नाही.

"काय झालं?" मी आरशात बघत विचारलं. "काय होतं?"

"काही नव्हतं," मागून लेआर्को म्हणाला. "लागतो का ते बघत होतो."

"लागतो," मी म्हटलं, आणि पहिला गिअर टाकला.